ताण मोजायचा तो कसा?



हल्ली मनगटावरची घड्याळे नुसती वेळ सांगून थांबत नाहीत. काही घड्याळे तुमच्या ताणाचाही आकडा दाखवतात. ‘ताण ४२’ असे अक्षरांत उमटले की बघणाऱ्याला वाटते, ४२ सेंटिमीटर किंवा ४२ अंश सेल्सिअस यांसारखेच हेही एक माप असावे. प्रत्यक्षात घड्याळ मोजते ती नाडी. दोन ठोक्यांमधील अंतर किती कमीजास्त होते ते पाहून, घड्याळ बनवणाऱ्याने ठरवलेल्या एका हिशेबाने तो आकडा काढलेला असतो. दुसरीकडे रक्ततपासणीच्या जाहिराती असतात. बाटलीभर रक्त द्या, ताणाचे हॉर्मोन किती आहे ते आम्ही सांगतो! परीक्षा जवळ आली की अशा गोष्टींकडे लक्ष जातेच.

मी भौतिकशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. पण मोजमाप हा आमचा धंदाच आहे, आणि म्हणून या बाबतीत मला काही म्हणायचे आहे. ताणाचे हॉर्मोन रक्तात मोजता येते, फार सुंदर रीतीने मोजता येते. मात्र तो आकडा कोणत्या परिस्थितीत घेतला हे बरोबर लिहिलेले नसेल, तर तो आकडा घेऊ नये असे माझे मत आहे. आणि असा आकडा नाकारण्याची सवय लागायची जागा म्हणजे शाळेची प्रयोगशाळा. तिथे आज नेमकी उलटी सवय लागते. हे दोन्ही कसे, ते पाहू.

प्रथम ‘ताण’ या शब्दाविषयी. आमच्या विषयात दोरीला वजन टांगले की दोरीत ताण येतो आणि तो न्यूटनमध्ये मोजतात. त्यात गूढ काही नाही. माणसाच्या ताणाचे तसे नाही. त्याला एकक नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच्या खुणा शोधल्या. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. ग्रंथीच्या गाभ्यातून अ‍ॅड्रेनॅलिन हे हॉर्मोन येते. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०१ साली ते शुद्ध स्फटिकरूपात मिळवल्याचे जाहीर केले. त्याचा सख्खा भाऊ म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनॅलिन. तो मुख्यतः मज्जातंतूंच्या टोकांतून पाझरून रक्तात येतो. उल्फ फॉन ऑयलर या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९४६ साली हे दाखवले. ग्रंथीच्या बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल येते. कुत्रा अंगावर आला तर पहिले दोघे काही सेकंदांत कामाला लागतात. कॉर्टिसॉल मागाहून, मिनिटांच्या हिशेबाने वाढते.

आता या द्रव्यांचे रक्तातील प्रमाण किती? स्वस्थ पडून असलेल्या माणसाच्या एक मिलिलिटर रक्तद्रवात नॉरअ‍ॅड्रेनॅलिन साधारण २०० पिकोग्रॅम असते. रक्तद्रव म्हणजे पेशी काढून टाकल्यावर उरणारा पिवळसर द्रव, आणि पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. हे नुसते वाचून काही कळत नाही, तेव्हा जरा हिशेब करा. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ३ लिटर रक्तद्रव असतो. ३००० मिलिलिटर गुणिले २०० पिकोग्रॅम म्हणजे ६ लाख पिकोग्रॅम, अर्थात ०.६ मायक्रोग्रॅम. मिठाचा ०.३ मिलिमीटर बाजूचा एक कण घ्या. मिठाची घनता २.१६ धरली तर त्याचे वस्तुमान भरते सुमारे ५८ मायक्रोग्रॅम. म्हणजे सगळ्या रक्तद्रवातले नॉरअ‍ॅड्रेनॅलिन एकत्र केले तरी ते मिठाच्या एका कणाच्या शंभराव्या हिश्श्याइतके! अ‍ॅड्रेनॅलिन त्याहूनही कितीतरी कमी. आणि तपासायला मिळतो तो सगळा रक्तद्रव नव्हे, फक्त एक-दोन मिलिलिटर. त्यात प्रथिने, साखर, क्षार, मेद आणि इतर शेकडो द्रव्ये. या गर्दीतून आपला माणूस शोधायचा कसा?

त्याची युक्ती तुमच्या परिचयाची आहे. पांढरा खडू काळ्या शाईचा ठिपका देऊन पाण्यात उभा केला की पाणी वर चढताना शाईतील रंग वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. जो रंग खडूला अधिक चिकटतो तो मागे राहतो, ज्याला पाण्याची ओढ अधिक तो पुढे जातो. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने हेच केले. काचेच्या नळीत खडूची पूड ठासून त्याने वरून पानांचा अर्क ओतला आणि हिरव्या-पिवळ्या रंगांचे पट्टे वेगळे केले. या पद्धतीविषयी तो १९०३ साली वॉर्सा येथे बोलला आणि १९०६ साली त्याने तिला क्रोमॅटोग्राफी, म्हणजे वर्णलेखन, असे नाव दिले. गंमत अशी, की रशियन भाषेत ‘त्स्वेत’ या शब्दाचा अर्थच ‘रंग’. पुढे पंचवीसएक वर्षे या पद्धतीकडे फारसे कोणी पाहिले नाही. मग आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी १९४१ साली तिचे दोन द्रवांतील वाटणीवर आधारलेले नवे रूप पुढे आणले व त्यासाठी त्यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आजच्या यंत्रात काचेऐवजी पोलादी नळी असते. लांबी १५ ते २५ सेंटिमीटर, आतला व्यास ४.६ मिलिमीटर. तीत सिलिकाचे बारीक कण भरलेले असतात आणि प्रत्येक कणावर अठरा कार्बनच्या साखळ्यांची लव असते. कण केवढे? सुमारे ५ मायक्रोमीटर. कण जितके बारीक तितके रेणूंना चिकटायला-सुटायला ठिकाण अधिक, आणि वेगळेपणा तितका नीट. पण बारीक कणांतून द्रव सहज वाहत नाही. गच्च भरलेल्या वाळूतून पाणी ढकलून पाहा म्हणजे कळेल. म्हणून पंपाने वातावरणाच्या शंभर-दोनशे पट दाब द्यावा लागतो. आमच्या हॉर्मोनांना रंग नाही, तरी नाव मात्र वर्णलेखन असेच राहिले आहे.

परंतु रक्तद्रव तसाच नळीत सोडला तर नळी तुंबेल. आधी त्यातून आपली द्रव्ये वेचून घ्यावी लागतात. अ‍ॅड्रेनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या दोघांच्याही रेणूत सहा कार्बनचे एक कडे असते आणि त्यावर शेजारीशेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असतात. द्रव किंचित अल्कधर्मी, म्हणजे पीएच ८.६ च्या आसपास केला, की हे दोन गट चिमट्यासारखे अ‍ॅल्युमिनाच्या भुकटीला धरून बसतात. मग बाकीचे सगळे पाण्याने धुऊन टाकायचे आणि थोडे आम्ल घालून चिमटा सोडवायचा. काम सोपे वाटते, पण त्यात एक धोका आहे. वांगे चिरून ठेवले की काळे पडते ना? वांग्यातील याच धाटणीची द्रव्ये हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतात म्हणून. आमच्या हॉर्मोनांचेही तेच होते, आणि अल्कधर्मी द्रवात तर लवकर होते. म्हणून हे सारे झटपट करायचे. त्याआधी रक्त बर्फात ठेवायचे, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे आणि लगेच तपासायचे नसेल तर उणे ८० अंशांना गोठवायचे.

एवढे करूनही धुण्यात, गाळण्यात, हवेत काही भाग जायचाच. किती गेला हे कसे कळणार? इथे जी तोड काढली आहे ती मला या सर्व प्रकारातील सर्वांत शहाणपणाची वाटते. सुरुवातीलाच रक्तद्रवात एक तिसरे द्रव्य मोजून घालतात. त्याची घडण या हॉर्मोनांसारखीच असते, पण ते रक्तात मुळीच नसते. समजा, एका जत्रेतून किती माणसे नदीपलीकडे पोचली हे तुम्हाला मोजायचे आहे, पण वाटेत किती गळाली ते माहीत नाही. तुम्ही आपली वीस पोरे लाल टोप्या घालून निघतानाच त्या गर्दीत सोडली. पलीकडे चौदा लाल टोप्या आल्या. याचा अर्थ दहांतील सात पोचले आणि तीन गळाले, सबब पलीकडे मोजलेल्या माणसांच्या संख्येला ०.७ ने भागले की मूळची गर्दी मिळते. ही लाल टोपी दर नमुन्यात घालतात. पाहा, इथे चूक होणार हे आधीच धरून चाललेले आहे. ती लपवायची नाही, तर तीच मोजायची. अर्थात लाल टोपीवाले इतरांच्याच चालीने चालतात हे यात गृहीत आहे, आणि तेही स्वतंत्रपणे तपासून घ्यावे लागते.

नळीतून एकामागून एक बाहेर पडणारे रेणू ओळखायचे कसे, हा पुढचा प्रश्न. १९७३ साली अमेरिकेत कॅन्सास विद्यापीठातील राल्फ अ‍ॅडम्स यांच्या परंपरेतल्या पीटर किसिंजर आणि सहकाऱ्यांनी त्याचे जे उत्तर दिले, त्यात आमचे भौतिकशास्त्र येते. नळीच्या तोंडाशी कार्बनचे एक विद्युतअग्र बसवून त्याला सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट विभव द्यायचे. रेणू त्याला भिडला की दोन इलेक्ट्रॉन देतो. वांग्याचे जे नको असताना होते, तेच इथे मुद्दाम घडवून आणायचे! किती विद्युतधारा मिळेल याचा अंदाज तुम्हीच करू शकता. समजा ३०० पिकोग्रॅम नॉरअ‍ॅड्रेनॅलिन अग्रावरून गेले. त्याचा रेणूभार १६९. एका मोलला दोन इलेक्ट्रॉनप्रमाणे २ गुणिले ९६,५०० कूलोम. हिशेब केला तर सुमारे ३.४ कूलोमचा एक कोटीवा भाग येतो. पण वाहत्या द्रवातील विसांपैकी एखादाच रेणू अग्राला गाठतो असे धरा, आणि हे सर्व २० सेकंदांत घडते असे धरा. विद्युतधारा येते एक नॅनोअँपिअरच्या आतबाहेर. तुमच्या शाळेतल्या गॅल्व्हनोमापीचा काटा नुसता थरथरायला याच्या हजारो पट धारा लागते. तरीही ही धारा मोजता येते. आलेखावर एकेक शिखर उमटते आणि शिखराखालच्या क्षेत्रफळावरून प्रमाण कळते.

कॉर्टिसॉल असे सहजी इलेक्ट्रॉन देत नाही. ते २४० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश शोषते, त्यावरून त्याला पकडतात. आजकाल चांगल्या प्रयोगशाळांत नळीच्या तोंडाशी वस्तुमान वर्णपटमापी जोडतात. तो रेणूचे वजनच पाहतो, त्यामुळे ओळख अधिक पक्की. कॉर्टिसॉलची नेहमीची तपासणी मात्र बहुतेक ठिकाणी प्रतिपिंडांच्या मदतीने होते. ती स्वस्त आणि झटपट असते, पण प्रेडनिसोलोनच्या गोळ्या घेणाऱ्याच्या रक्तातील ते औषधच काही वेळा तिला कॉर्टिसॉल वाटते. वर्णलेखनात ही दोन द्रव्ये वेगळी निघतात.

इथवर यंत्राचे कौतुक झाले. आता नमुना कसा घेतला ते पाहा, कारण खरी गोम तिथे आहे.

सुई टोचली की माणूस दचकतो. दचकला की नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आणि अ‍ॅड्रेनॅलिन वाढतात. म्हणजे जे मोजायचे ते मोजण्याच्या कृतीनेच बदलले! यावर उपाय म्हणून शिरेत बारीक नळी आधी बसवून ठेवतात, माणसाला २० ते ३० मिनिटे शांत पडून राहू देतात आणि मग, नवी सुई न टोचता, त्या नळीतून रक्त घेतात. ही दोन्ही हॉर्मोने दोन-अडीच मिनिटांत निम्मी होत जातात, त्यामुळे अर्ध्या तासात दचकण्याचा परिणाम ओसरतो. ‘पडून’ हा शब्द मी उगाच घातलेला नाही. माणूस नुसता उठून उभा राहिला, तर पाच मिनिटांत त्याच्या रक्तातील नॉरअ‍ॅड्रेनॅलिन जवळजवळ दुप्पट होते. त्याला भीती वाटत नाही, चिंता वाटत नाही. पायांकडे ओढले जाणारे रक्त मेंदूपर्यंत पोचवायचे एवढेच काम शरीराला असते. सकाळची कॉफी आणि सिगारेट यांनीही आकडा वर जातो.

कॉर्टिसॉलची तऱ्हा निराळी. ते घड्याळाप्रमाणे चालते. सकाळी आठच्या सुमारास १०० मिलिलिटर रक्तद्रवात ते साधारण ५ ते २५ मायक्रोग्रॅम असते, तर मध्यरात्री त्याच्या फारच खाली उतरलेले असते. रात्रपाळी करणाऱ्याचे गणित आणखी वेगळे. शिवाय रक्तातील नव्वद टक्क्यांहून अधिक कॉर्टिसॉल प्रथिनांना बांधलेले असते. पेशींवर काम करते ते उरलेले मोकळे. सकाळी आठला रक्त दिलेल्याला ‘ताण जास्त’ आणि दुपारी चारला दिलेल्याला ‘ताण कमी’ असे कोणी म्हणाले, तर त्याने ताण मोजला की वेळ सांगितली?

ही काही पुस्तकी किरकिर नव्हे. अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यात क्वचित एक गाठ होते आणि ती ही हॉर्मोने बेसुमार सोडते. रोग्याचा रक्तदाब एकाएकी भडकतो, छाती धडधडते, घाम फुटतो. गाठ वेळीच सापडली तर शस्त्रक्रियेने काढता येते. नाही सापडली तर जिवावर बेतू शकते. तिचा माग काढायला आज या हॉर्मोनांच्या विघटनातून होणारी मेटॅनेफ्रिन नावाची द्रव्ये रक्तद्रवात मोजतात, कारण ती हॉर्मोनांइतकी क्षणाक्षणाला बदलत नाहीत. अमेरिकेतील अंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ साली यासाठी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात द्रव वर्णलेखनावर आधारलेल्या पद्धती सुचवल्या आहेत आणि रक्त घेताना रोगी पडून असावा असेही म्हटले आहे. बसलेल्या माणसाचे रक्त घेऊन पडलेल्या माणसाच्या तक्त्याशी ताडले, तर धडधाकट माणसालाही गाठीचा संशय चिकटतो, आणि मग पुढच्या महागड्या तपासण्या आणि घरभर काळजी. अशा वेळी यंत्रात काहीही बिघडलेले नसते. फरक एवढाच, की माणूस खुर्चीवर होता आणि हे कोणी लिहिले नाही.

आता आपल्या प्रयोगशाळेकडे या. साध्या लंबकाने गुरुत्वत्वरण काढायचा प्रयोग तुम्ही केला असेल किंवा कराल. दरवर्षी प्रात्यक्षिक परीक्षेत जर्नले उघडली की वर्गातील निम्म्याहून अधिक उत्तरे ९८० किंवा ९८१ सेंटिमीटर प्रतिसेकंद वर्ग अशी असतात. मुंबईत गुरुत्वत्वरणाचे खरे मूल्य सुमारे ९७८.६ आहे! शाळेच्या लंबकाला हा फरक कळणार नाही हे मान्य. पण त्याच लंबकाने वीस जणांची उत्तरे एकाच आकड्यावर यावीत हेही शक्य नाही. ९६० यायला हवे, ९९५ यायला हवे, कुणाचे १००४ यायला हवे. ती तशी येतात. मग खोडली जातात. पुस्तकातले उत्तर आधी, रीडिंग मागाहून. आणि याला आम्ही शिक्षक पूर्ण गुण देतो.

माझ्या मते ही लहान गोष्ट नाही. ज्या मुलाने दहावीत रीडिंग उत्तराला जुळवून घेतले, तोच पुढे एखाद्या तपासणी केंद्रात रक्ताच्या नळीवर वेळ आणि रोग्याची स्थिती लिहिण्याच्या जागी असू शकतो. ‘काय फरक पडतो?’ हा प्रश्न त्याला कधी पडलेलाच नसतो, कारण फरक पडतो हे त्याला कोणी दाखवले नाही.

काही शिक्षक म्हणतील, साठ मुले, चार लंबक आणि दीड तासांची तासिका. त्यात हे सोवळे कुठे पाळायचे? अडचण खरी आहे. पण मी जास्त उपकरणे मागत नाही, जास्त वेळही नाही. उत्तराच्या जवळपणाला गुण न देता रीडिंगच्या प्रामाणिक नोंदीला द्या, एवढेच. दोरी कशाने मोजली, पंखा चालू होता का, घड्याळ किती भागांचे होते, तीन रीडिंगमध्ये किती फरक आला, हे लिहिणाऱ्याचे उत्तर ९५५ असले तरी त्याला पैकीच्या पैकी मिळावेत. आणि ज्याची तिन्ही रीडिंगे तंतोतंत एकच आहेत, त्याला उभे करून जरा चौकशी करावी.

तुम्हाला घरी करून पाहायला एक प्रयोग देतो. त्याला पोलादी नळी लागत नाही. दहा मिनिटे पाठीवर स्वस्थ पडा आणि पूर्ण एक मिनिट मनगटावर नाडी मोजा. मग उठून उभे राहा आणि दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. ठोके वाढलेले दिसतील. उभे राहताच कामाला लागणाऱ्या मज्जातंतूंचा, म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचाही, त्यात हात असतो. असे आठ दिवस करा. प्रत्येक नोंदीपुढे वेळ, खाल्ल्याला किती वेळ झाला, चहा घेतला होता का, खोली गरम होती का, हे लिहा. एक दिवस परीक्षेचा निवडा. नाडी दुसऱ्या कोणी मोजली तर काहींचे ठोके तेवढ्यानेही वाढतात. तेव्हा कोणी मोजली, तेही शेवटच्या रकान्यात टाका.